पहिला अभिप्राय लिहिताना

नॅन्सी फार्मरच्या ‘द हाउस ऑफ द स्कॉर्पियन’ (२००२) या कादंबरीवर लिहितेयस ना? छान निवड. तुझा खर्डा वाचला. अर्ध्याहून जास्त कथानकच आहे! नव्यांची ही हमखास चूक. मीही वर्षभर तेच करत होतो.

सध्या तीनच गोष्टी बघ:

- कथा चार ओळींत आटप. मॅट हा एल पात्रोन नावाच्या अफूसम्राटाचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशीतून वाढवलेली जनुकीय प्रत, एवढं पुरे. त्याला कशासाठी वाढवलंय ते फोडू नकोस.
- ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द खोड आणि प्रसंग दाखव. मॅटच्या तळपायावर तो कुणाच्या मालकीचा ते गोंदलेलं असतं. लाकडाचा भुसा पसरलेल्या खोलीत त्याला कोंबडीसारखं कोंडतात आणि तो त्या भुशात खाणं लपवतो. तिथे तुला काय वाटलं? पुस्तक मिटून ठेवलंस का? तेच लिही.
- क्लोन म्हणजे झेरॉक्स नव्हे. १९९६ साली डॉली ही क्लोन केलेली मेंढीही कोकरू म्हणूनच जन्मली. आठवणी जनुकांतून येत नाहीत. मॅटही बाळापासूनच वाढतो, आणि म्हातारा एल पात्रोन मात्र त्याच्यात स्वतःला बघत बसतो. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

शेवटचा भाग मला रेंगाळलेला वाटला. तुला आवडला असेल तर बिनधास्त लिही, फक्त कारण दे. ‘नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंय’ हे काही कारण नाही!

इतर क्लोन-कादंबऱ्यांशी तुलना वगैरे तिसऱ्या-चौथ्या लेखापर्यंत राहू दे. नवा खर्डा झाला की पाठव, वाचतो.