आपल्या खेळाला साजेशी रॅकेट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बॅडमिंटनच्या साहित्याविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख रॅकेटच्या निवडीकडे आहे, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय त्रेचाळीस असून कार्यालय सुटल्यावर मी मित्रांबरोबर नियमित डबल्स खेळतो. स्मॅश (वरून खाली मारलेला जोरदार फटका) हा माझा आवडता फटका आहे. नागपुरातल्या सीताबर्डीतील एका दुकानदाराने ‘स्मॅश मारायचा असेल तर हेड-हेवी (डोक्याकडे वजन अधिक असलेली) आणि कडक शाफ्टचीच (शाफ्ट म्हणजे मूठ आणि डोके जोडणारी दांडी) रॅकेट घ्या’ असे सांगून डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर अ‍ॅक्सेलसन ज्या प्रकारच्या रॅकेटने खेळला त्या प्रकारची एक महागडी रॅकेट दाखवली. ती घेतल्याने माझा स्मॅश सुधारेल का? अलीकडे खेळल्यानंतर खांदा दुखतो, हेही लिहून ठेवतो.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. रॅकेटच्या डोक्याकडे वजन अधिक असले की ते शटलवर अधिक जोराने आदळते, हे खरे. परंतु ते डोके वेळेवर शटलपर्यंत पोहोचले तरच, आणि ते पोहोचवण्याचे काम तुमच्या मनगटाला, कोपराला आणि खांद्यालाच करावे लागते. म्हणून रॅकेटचे वजन, तिचा तोल आणि शाफ्टचा कडकपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्यात.

योनेक्सच्या पद्धतीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम वजन असते. हे आकडे दांड्याच्या टोकाशी छापलेले असतात आणि ग्राहक सर्वांत आधी तेच पाहतात. माझ्या मते मात्र या चार-पाच ग्रॅमपेक्षा ते ग्रॅम रॅकेटच्या कोणत्या भागात आहेत, याला अधिक महत्त्व आहे. डोक्याकडे झुकणारी ८२ ग्रॅमची रॅकेट मुठीकडे झुकणाऱ्या ८७ ग्रॅमच्या रॅकेटपेक्षा हाताला जड वाटू शकते.

तोल घरच्या घरी मोजता येतो. टेबलावर पट्टी उभ्या कडेने धरून तिच्यावर रॅकेट आडवी ठेवावी, ती कोणत्याही बाजूला न कलंडता स्थिर राहील तिथे शाफ्टवर पेन्सिलीने खूण करावी आणि मुठीच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. कंपन्यांची मापे थोडी वेगवेगळी असली तरी ढोबळमानाने २८५ ते २९५ मिलिमीटर अंतर आले तर तोल सम समजावा, त्यापेक्षा अधिक असेल तर रॅकेट हेड-हेवी आणि कमी असेल तर हेड-लाइट. दोन रॅकेटची तुलना करायची असेल तर मोजताना दोन्हींना गटिंग केलेले, म्हणजे तारा विणून ताणून बसवलेल्या असाव्यात, कारण गटिंगच्या तारेचे सगळे वजन डोक्याच्या भागात येते आणि त्यामुळे खूण डोक्याकडे सरकते. दुकानात टांगलेल्या महाग रॅकेटना बहुधा गटिंग नसते. त्या हातात घेऊन हवेत फिरवल्या की फार चपळ वाटतात, आणि गटिंग करून कोर्टवर आणल्यावर त्याच जड का वाटू लागल्या, याचे ग्राहकाला कोडे पडते.

शाफ्टचे गणित थोडे वेगळे आहे. हात वेगाने आला की शाफ्ट मागे वाकतो आणि शटलला भिडण्याच्या सुमारास सरळ होत तो जोर परत देतो. कडक शाफ्ट वाकायला हाताचा वेग फार लागतो. तो वेग ज्यांच्याकडे आहे त्यांना कडक शाफ्टमुळे फटका नेमका मारता येतो. तो नसेल तर शाफ्ट वाकतच नाही, शटल नेटच्या पलीकडे अर्ध्या कोर्टातच पडते आणि फटक्याचा हादरा कोपराला व खांद्याला बसतो. मध्यम लवचीक शाफ्ट कमी वेगाच्या हातालाही साथ देतो.

आपला हात कुठे बसतो हे पाहण्यासाठी एक साधी चाचणी करावी. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब असते. आपल्या मागच्या रेषेजवळ उभे राहून डोक्यावरून उंच क्लिअर (शटल पलीकडच्या मागच्या रेषेकडे पाठवणारा फटका) मारावा आणि शटल पलीकडच्या मागच्या पट्ट्यात पडते का ते पाहावे. ताजेतवाने असताना तर ते पडावेच, पण तासभर खेळून दमल्यावरही, शरीर वाकडे न करता, सलग मारलेले क्लिअर तिथेच पडत असतील तर कडक शाफ्टचा विचार करायला हरकत नाही. दमल्यावर शटल अलीकडे पडू लागत असेल तर नवी हेड-हेवी रॅकेट तुमचा स्मॅश पहिल्या गेममध्ये वाढवील आणि तिसऱ्या गेममध्ये खाली आणील.

हेड-हेवीशिवाय स्मॅशच नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की एका विक्रमाची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. भारताचा डबल्स खेळाडू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ साली जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला आणि २०१३ पासून मलेशियाच्या तान बून हेओंगच्या नावावर असलेला ताशी ४९३ किलोमीटरचा विक्रम मोडला. त्या वेळी त्याच्या हातात योनेक्सची नॅनोफ्लेअर १०००झेड होती आणि ती हेड-लाइट वर्गातील रॅकेट आहे. वेग मुद्दाम केलेल्या मोजणीत, शटल रॅकेटवरून सुटतानाचा नोंदवलेला होता आणि खेळाडूही सात्त्विकसारखा होता, त्यामुळे त्या रॅकेटने कोणाचाही स्मॅश तसा जाईल असा याचा अर्थ होत नाही. डोके किती वेगाने फिरले याला डोक्याच्या वजनाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक किंमत आहे, एवढे मात्र त्यावरून निश्चित दिसते.

तुम्हाला माझा सल्ला असा : ४यू वजनाची, सम तोलाची किंवा किंचित डोक्याकडे झुकणारी आणि मध्यम शाफ्टची रॅकेट घ्या, गटिंगचे टेन्शन, म्हणजे तारांचा ताण, २३-२४ पौंडांच्या वर नेऊ नका आणि उरलेले पैसे शटलवर खर्च करा. खांद्याचे दुखणे मात्र रॅकेट बदलून बरे होईल या भरवशावर राहू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्यांनी परवानगी दिल्यावरच स्मॅशकडे वळा.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी मिक्स्ड डबल्स खेळतो. मी नेटजवळ असते, हे मागे असतात. दोघांनी एकाच प्रकारची रॅकेट घ्यावी की वेगवेगळी? दुकानात नावे इतकी आहेत की गोंधळ होतो.
— एक वाचिका, लक्ष्मीनगर

उत्तर : तुमच्या जागा खरोखरच अशा ठरलेल्या असतील तर वेगवेगळ्या घ्याव्यात. नेटजवळच्या खेळाडूला फटका मारायला मुळात वेळच नसतो. रॅकेट खांद्याच्या उंचीवर तयार ठेवायची, समोरून आलेला ड्राइव्ह (नेटच्या उंचीने सरळ येणारा वेगवान फटका) छोट्या झटक्यात अडवायचा आणि लगेच पुन्हा तयार व्हायचे, हे काम हेड-लाइट किंवा सम तोलाची रॅकेट चांगले करते. मागच्या खेळाडूला हात पूर्ण फिरवायला अवधी मिळतो, म्हणून त्याला डोक्याचे वजन उपयोगी पडते. योनेक्सने २०१८ साली अ‍ॅस्ट्रॉक्स ८८एस आणि ८८डी ही जोडी याच विचाराने काढली : पहिली पुढच्या खेळाडूसाठी, दुसरी मागच्यासाठी.

नावांचा गोंधळ कुळे, म्हणजे प्रत्येक कंपनीच्या रॅकेटच्या मालिका, ओळखली की कमी होतो. जोरासाठी योनेक्सची अ‍ॅस्ट्रॉक्स, व्हिक्टरची थ्रस्टर आणि ली-निंगची अ‍ॅक्सफोर्स. वेगासाठी अनुक्रमे नॅनोफ्लेअर, ऑरास्पीड आणि ब्लेडएक्स. नियंत्रणासाठी किंवा सर्व प्रकारच्या खेळासाठी आर्कसेबर, ड्राइव्हएक्स आणि हाल्बर्टेक. एकाच कुळात स्वस्त आणि महाग अशा दोन्ही रॅकेट असतात, आणि महाग रॅकेटचा शाफ्ट बहुधा अधिक कडक असतो, याचा विसर पडू देऊ नका. हौशी खेळाडूला मधल्या किमतीची रॅकेट अनेकदा अधिक मानवते, ती याच कारणाने.

पुरुषांच्या किंवा महिलांच्या डबल्समध्ये पुढचा खेळाडू मागे आणि मागचा पुढे असे सतत होत राहते. तुम्ही तेही खेळत असाल तर दोघांनीही सम तोलाची ४यू रॅकेट घेणे श्रेयस्कर.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि डावखुरी आहे. मालविका बनसोड आपल्या नागपूरची आणि डावखुरी, म्हणून तिचे सगळे लक्ष तिच्याकडे असते. डावखुऱ्यांसाठी वेगळी रॅकेट मिळते का? तिचा खेळ लांब रॅलींचा आहे, ती स्मॅश फारसा मारत नाही.
— एक पालक, मानकापूर

उत्तर : डावखुऱ्यांसाठी वेगळी रॅकेट नसते, कारण रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखीच असते. फरक ग्रिपच्या पट्टीत पडतो. दुकानातून येणारी पट्टी बहुधा उजव्या हाताच्या सोयीने गुंडाळलेली असते, त्यामुळे डाव्या हाताच्या पकडीत तिच्या कडा बोटांना उलट लागतात आणि काही दिवसांत उचकटू लागतात. ती सोडून उलट दिशेने गुंडाळून घ्यावी. काम पाच मिनिटांचे आहे, पण लहान हाताला त्याने जाणवण्याइतका फरक पडतो.

मालविकाने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपन स्पर्धेत सायना नेहवालला हरवले, ते दीर्घ रॅलींमध्ये टिकून आणि कोन साधून. निव्वळ जोरावर नव्हे. तुमच्या मुलीचा कल तसाच असेल तर तो जपावा. तिला ५यू किंवा हलक्या बाजूची ४यू, सम तोलाची, लवचीक ते मध्यम शाफ्टची रॅकेट द्यावी आणि गटिंग २० ते २२ पौंडांवर ठेवावे. कमी टेन्शनच्या जाळीवर शटल चांगले उसळते आणि फटका नेमका मध्यावर बसला नाही तरी शटल पलीकडे पोहोचते. योनेक्सच्या मापात जी४, जी५, जी६ अशा क्रमाने आकडा वाढत जाईल तशी मूठ बारीक होत जाते, हे पालकांना उलटे वाटते, म्हणून लिहितो. तिला जी५ किंवा, हात फारच लहान असेल तर, जी६ पाहावी. ‘मोठी झाल्यावरही चालेल’ म्हणून जड रॅकेट आत्ताच घेऊन ठेवू नका. त्या वयात मनगटाला लागलेल्या चुकीच्या सवयी नंतर काढताना प्रशिक्षकांच्या नाकी नऊ येतात.

प्रश्न : हिवाळ्यात चांगली वाटणारी माझी रॅकेट मे महिन्यात शटल थेट बाहेर फेकते. रॅकेट खराब झाली आहे का? शिवाय उन्हाळ्यात गटिंग लवकर सैल पडते आणि हातातून ग्रिप निसटते.
— एक वाचक, महाल

उत्तर : रॅकेट ठीक आहे, हवा बदलली आहे. पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात हवा विरळ होते, शटलला अडथळा कमी होतो आणि ते लांब जाते. डिसेंबरच्या पहाटे हेच उलटे घडते. नायलॉनचे शटल वापरत असाल तर उन्हाळ्यात हिरव्या पट्टीचे, म्हणजे मंद वेगाचे घ्यावे. पिसांच्या शटलच्या डब्यावर ७६, ७७ असे वेगाचे आकडे असतात. उन्हाळ्यात लहान आकडा घ्यावा. हॉलमध्ये कूलर चालू असतील तर त्यांच्या झोताने शटल एका अंगाला वाहते, तेही रॅकेटच्या माथी मारू नये. नवी रॅकेट पारखायची असेल तर मे महिन्यातला अनुभव प्रमाण मानू नका, कारण त्या दिवसांत प्रत्येक रॅकेट जोरदार वाटते.

गटिंगचे टेन्शन केल्या दिवसापासूनच उतरू लागते आणि उष्णतेने ते आणखी लवकर उतरते. रॅकेटचा कीट उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये. योनेक्सची बीजी६५ ही ०.७० मिलिमीटरची तार टिकाऊ आहे, ०.६५ मिलिमीटरची बीजी६६ अल्टिमॅक्स अधिक उसळी देते, पण लवकर तुटते. आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याने पहिलीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शाफ्टजवळ छापलेल्या कमाल टेन्शनच्या पुढे जाऊ नये. घाम फार येणाऱ्यांना टॉवेल ग्रिप चांगली, परंतु ती घाम शोषून जड होते आणि वारंवार बदलावी लागते. मूळ ग्रिपवर आणखी एक ओव्हरग्रिप चढवली तर मुठीकडे सुमारे पाच ग्रॅम वाढतात आणि तोल तितका मुठीकडे सरकतो. हेड-हेवी रॅकेट जड पडत असेल तर नवी घेण्याआधी हा उपाय करून पाहावा.

खेळताना तार तुटली तर उरलेल्या तारा तशाच ठेवून घरी जाऊ नका. एका बाजूचा ताण गेल्यामुळे फ्रेम वाकडी होण्याचा धोका असतो. कात्री घेऊन मध्यापासून सुरुवात करावी, उभी आणि आडवी तार आळीपाळीने कापत कडेकडे जावे आणि मगच रॅकेट पिशवीत ठेवावी.