जुन्या कॅम्पर ट्रेलरची लाकडी चौकट कुजू नये म्हणून कोणते कोटिंग लावावे?

आधी पाणी कुठून शिरते ते शोधा, कोटिंगचा विचार त्यानंतर करा. याच क्रमावरून माझा आणि माझ्या मेव्हण्यांचा अनेक वर्षे वाद झाला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा सामाईक ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची मुक्कामाची खोली, लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला, जुन्या बांधणीचा आहे. पुढच्या कोपऱ्यातले प्लायवूड काळवंडून फुगले, तेव्हा मेव्हण्यांनी बाहेरच्या कोपरपट्टीच्या कडेने सिलिकॉनची जाड रेघ ओढली, आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले आणि काम संपल्याचे जाहीर केले. पट्टी उघडल्याशिवाय काहीच कळणार नाही, हे माझे म्हणणे त्यांनी उडवून लावले. पुढच्या पावसानंतर मी ती उघडलीच. पट्टीखालच्या मूळ पुट्टीचे वाळून तुकडे झाले होते, स्क्रू गंजून मधोमध बारीक झाले होते आणि कोपऱ्यातल्या उभ्या दांड्यात टोच्या मुठीपर्यंत गेला. लाकूड बोटांनी दाबले की त्याचे तपकिरी चौकोनी तुकडे पडत होते. सिलिकॉन मात्र जागच्या जागी शाबूत होते, कारण पाणी तिथून येतच नव्हते. ते छताच्या सांध्यातून उतरत होते आणि रंगाने व सिलिकॉनने त्याची वाळण्याची वाट बंद केली होती.

लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. सगळी देखभाल या एका आकड्यासाठी करायची असते. टोकदार पिनांचे ओलावामापक घेऊन खिडक्यांच्या खालचे कोपरे, छतावरील झडपेची चौकट आणि बाहेरच्या दिव्यांच्या मागची जागा नियमितपणे तपासा. पट्ट्या काढून त्यांच्याखाली ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) घाला, कारण ती दीर्घकाळ मऊ राहते आणि सांधा हलला तरी सुटत नाही. त्याआधी जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे लागते, कारण त्याच्या उरलेल्या थरावर दुसरे काही नीट चिकटत नाही. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडा. ओल्या लाकडावर इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) ओतणे म्हणजे आतल्या कुजीला झाकण घालणे होय.

मेव्हण्यांचा दुसरा हट्ट ताडपत्रीचा होता. ट्रेलरला घट्ट गुंडाळलेली ताडपत्री आतली दमट हवा कोंडते आणि वाऱ्याने घासून पत्र्याचा रंगही खरवडते. बाजूंनी मोकळे असलेले छप्पर, पाणी साचू नये इतपत तिरका उभा केलेला ट्रेलर आणि किंचित उघड्या झडपा यांनी त्याहून कितीतरी चांगले रक्षण होते. त्यांनी हे आजही मान्य केलेले नाही, पण छपराखाली आल्यापासून आमचा तो कोपरा कोरडा आहे.

कोटिंगच हवे असेल, तर गळती थांबल्यावर उघड्या लाकडाला बोरेटचे (बुरशी रोखणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचे) द्रावण द्या. पावसाच्या थेट माऱ्यात ते धुऊन जाते, पत्र्याआड मात्र टिकते. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड वापरू नका, कारण ओल लागली की त्याला टेकलेले ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. हे सगळे लाकडी चौकटीच्या ट्रेलरपुरतेच आहे. अखंड फायबरग्लासच्या सांगाड्याचे प्रश्न वेगळे असतात. आणि चासीला बोल्टने जोडलेली जमिनीची लाकडे मऊ लागली, तर ती बदलेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर ओढू नका.