हिप हॉपसाठी स्वतःचा ओरिजिनल बीट कसा बनवायचा?

महागडं सामान लागत नाही. कॉम्प्युटर, बरे हेडफोन आणि एलएमएमएससारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. टेम्पो ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके) ठेवा. चार-चार मात्रा मोजा: किक (ड्रमचा जाड, घुमणारा ठोका) १ आणि ३ वर, स्नेअर (कडक, तडकणारा ठोका) २ आणि ४ वर. खरी मजा हाय-हॅटमध्ये (झांजेचा बारीक टिक-टिक आवाज). सगळे ठोके ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेषांना) चिकटवले की बीट यंत्रासारखा वाजतो. काही किंचित उशिरा सरकवा, काहींचा जोर कमी करा, मग मान आपोआप डोलते. बेस (खालचे, खर्जातले सूर) आणि किक दोन्ही जोरात ठेवू नका, नुसता चिखल होतो (मी महिनोन्‌महिने हेच केलंय). सॅम्पल (रेकॉर्डिंगमधून कापून घेतलेला तुकडा, बहुधा दुसऱ्याच्या गाण्यातला) हवंच असेल तर चार स्वर स्वतः वाजवून रेकॉर्ड करा, कापा, उलटे लावा. परवानगीची कटकटच नाही. आणि हो, रॅपरसाठी मधे जागा सोडा.