जुनी वेबसाइट : डागडुजी की नवं बांधकाम?

‘साइट जुनी झाली, नवी करावी का?’ हा प्रश्न या वेळी इतक्या जणांनी विचारला आहे की बाकीची पत्रं बाजूला ठेवून संपूर्ण सदर त्यालाच देतो आहे. प्रश्न सारखा असला तरी उत्तर प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं.

प्रश्न : गुहागरजवळ आमचा होमस्टे आहे. २००९ मध्ये भाच्याने बारा पानांची वेबसाइट करून दिली. सगळी मांडणी टेबलांत आहे, वर सरकती पट्टी आहे. एक एजन्सी म्हणते, ही साइट कधीही बंद पडेल, नवी करा, दीड लाख लागतील. खरंच एवढी गरज आहे?

जुनी आहे म्हणून ती बंद पडणार नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेल्या पहिल्या वेबसाइटची १९९२ ची प्रत सर्न या संस्थेने जपून ठेवली आहे आणि ती आजच्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडते. तुमची सरकती पट्टी ज्या ‘मार्की’ टॅगने (टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली खूण) चालते तो, आणि ‘फॉन्ट’, ‘सेंटर’ हे टॅग, २०१४ च्या एचटीएमएल ५ या वेबपानांच्या भाषेच्या मानकाने कालबाह्य ठरवले. म्हणजे नव्या पानात ते वापरू नयेत. जुन्या पानांत असतील तर ब्राउझर ते दाखवत राहतात. तेव्हा ‘बंद पडेल’ या भीतीपोटी एक रुपयाही खर्च करू नका.

पण दुसरी एक तपासणी करा. चिपळूण सोडून गुहागरकडे निघालेला, वाट शोधणारा पाहुणा डोळ्यांसमोर आणा. घरातला सगळ्यांत जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतःची साइट उघडा. फोन नंबर सापडायला किती वेळ लागतो? त्यावर बोट ठेवलं की फोन लागतो का? अक्षरं वाचायला दोन बोटांनी पान ताणावं लागतं का? पान फोनच्या रुंदीला जुळवून दाखव असं सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ २००९ च्या पानात नसणार. ती नसली की फोन असं धरून चालतो की हे पान मोठ्या पडद्यासाठी आहे. मग साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं पान तो तळहाताएवढ्या जागेत आवळून दाखवतो. नुसती ती ओळ घातली तर टेबलं उजवीकडे बाहेर येतील, म्हणून मांडणीलाही हात लावावाच लागेल.

माझं मत : साइट नवी करा, पण दीड लाखाची नको. बारा पानांचा मजकूर साध्या एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) नव्याने मांडणं हे एका जाणत्या माणसाचं आठवडा-दोन आठवड्यांचं काम आहे. त्याला डेटाबेस लागत नाही, दर महिन्याला अद्ययावत करायची यंत्रणा लागत नाही. कॅमेऱ्यातून आलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू देऊ नका. बाराशे पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली.

आणि काम कुणालाही देण्याआधी एक गोष्ट आजच पाहा : डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? भाच्याच्या जुन्या ईमेलवर असेल, तो ईमेल त्याने सोडला असेल आणि नूतनीकरणाची सूचना तिकडेच जात असेल, तर एक दिवस पत्ताच हातचा जाईल. साइट नव्याने बांधता येते. गेलेलं डोमेन परत मिळेलच असं नाही.

प्रश्न : आम्ही कोल्हापूरहून एक वाङ्मयीन त्रैमासिक काढतो. २००३ पासूनचे अंक वेबसाइटवर आहेत, पण ते जुन्या मराठी फॉन्टात. हल्ली पान उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नवी साइट करणारा मुलगा म्हणतो, जुने अंक सोडून द्या, पुढचे युनिकोडमध्ये टाकू. जुने अंक टाकून द्यायला मन होत नाही.

टाकू नका. या वेळच्या सगळ्या पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, म्हणून सविस्तर लिहितो.

देवनागरी युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण सर्वसामान्य संगणकांवर ती नीट दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर आपण सगळ्यांनी एक युक्ती वापरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट घ्यायचा. फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, डोळ्यांना दिसतं मराठी. वाचकाकडे तो फॉन्ट नसायचा, म्हणून पानासोबत उतरणारा फॉन्ट जोडत. यातले पुष्कळसे फॉन्ट फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालत. त्याच्या अकराव्या आवृत्तीचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला काढून घेतला. तुमच्या पानांचं नुकसान काहीच झालेलं नाही. त्यांच्यावरचा बुरखा तेवढा उडाला आणि खाली आधीपासून होतं ते दिसू लागलं. खरं सांगायचं तर ती पानं दिसत होती तेव्हाही शोधयंत्राला ती मराठी म्हणून कळत नव्हती आणि दृष्टिहीन वाचकाचं वाचनयंत्र (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) ती वाचू शकत नव्हतं.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, त्यासाठी रूपांतरकं आहेत. पण क्रम चुकला तर काम हाताबाहेर जातं. नवी साइट करणारा माणूस बहुधा आधी जुने ‘फॉन्ट’ टॅग झाडून काढतो, कारण ते कालबाह्य आहेत. इथे तसं अजिबात करू देऊ नका! मधेच एखादं इंग्रजी नाव किंवा ईमेलचा पत्ता आला असेल, तर कुठला तुकडा मराठी आणि कुठला खरोखर इंग्रजी हे सांगणारी खूण त्या टॅगमध्येच आहे. कुठल्या परिच्छेदाला कुठला फॉन्ट हेही तिथेच कळतं, आणि ते कळायलाच हवं, कारण एका फॉन्टात जिथे ‘क’ आहे तिथे दुसऱ्यात भलतंच काही असतं. वीस वर्षांत तुमचे टायपिंग करणारे बदलले असतील तर फॉन्टही बदलले असतील. म्हणून आधी सगळ्या फाइलींची जशीच्या तशी प्रत दोन ठिकाणी ठेवा, मग रूपांतर करा आणि सगळ्यांत शेवटी साफसफाई.

चुका कुठे होतात तेही सांगतो. मी अशा एका मासिकाचे अंक रूपांतरित केले तेव्हा मुद्रितशोधनाची खरी मेहनत तीन ठिकाणी पडली. पहिलं, ऱ्हस्व वेलांटी. ती जुन्या फॉन्टात दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर येते. जोडाक्षरावरची वेलांटी सरकली की ‘स्थिती’सारखे शब्द फुटतात. दुसरं, रफार. ‘सूर्य’ लिहिताना जुन्या फॉन्टात तो ‘य’नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी. तिसरं अस्सल मराठी : अर्धा ऱ. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनाला कळेलच असं नाही, आणि मग गुरूंना वाहिलेला लेख स्वयंपाक्यांना वाहिला जातो. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तावाल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन्ही दिसतात सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. सगळ्या अंकांत एकच पद्धत ठेवा. पहिली ठेवा, ती जास्त टिकाऊ आहे.

हे सगळं एकदम होणार नाही. दर महिन्याला एक अंक घ्या. त्रैमासिकाचे वाचक असतील, मराठीचे निवृत्त शिक्षक असतील, त्यांना एकेक लेख तपासायला द्या. कविता आधी घ्या : मजकूर थोडा, आणि एक अक्षर चुकलं तरी लगेच खटकतं. तोवर छापील अंक स्कॅन करून पीडीएफ ठेवायला हरकत नाही, पण स्कॅन म्हणजे नुसती चित्रं. त्यात शोधता येत नाही आणि तो मजकूर ऐकताही येत नाही.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेच्या साइटचा मेनू फ्लॅशमध्ये आहे. काही दुरुस्ती?

नाही. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या हलती चित्रं नि खेळ दाखवणाऱ्या साधनाचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालूच द्यायचं नाही असं ठरवलं. मेनू साध्या लिंकांचा करा, एका दुपारचं काम आहे. मात्र मुलांसाठी केलेली फ्लॅशमधली गोष्ट किंवा खेळ असेल तर ती फाइल पुसू नका. ‘रफल’ नावाचं मोफत साधन अशा पुष्कळ जुन्या फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची साइट २०११ ची आहे. सभासद त्यावर अर्ज भरतात, कागदपत्रं चढवतात. होस्टिंगवाले पीएचपी बदला म्हणून मागे लागले आहेत, पण बदललं की साइट कोरी दिसते. तशीच ठेवली तर चालेल?

चालणार नाही. इथे मी इतरांना देतो तशी सवलत देणार नाही.

पीएचपी म्हणजे तुमच्या साइटचा प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला आहे ती. साइट कोरी दिसते याचं कारण बहुधा असं : २०११ मध्ये डेटाबेसशी बोलायला जी फंक्शन्स सर्रास वापरत, ती पीएचपी ७ मधून काढून टाकली आहेत. म्हणजे तुम्ही आज फार तर पीएचपी ५.६ वर आहात. त्याचे सुरक्षा-दुरुस्तीचे हप्ते २०१८ च्या अखेरीस थांबले. तेव्हापासून सापडलेलं प्रत्येक भोक उघडं आहे, आणि त्यामागे सभासदांचे आधार, पॅन आणि खाते क्रमांक आहेत. तुमचा सभासद दूधवाला, शिक्षक, भाजीवाली आहे. त्याने संस्थेवर विश्वास ठेवून ते कागद दिले. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही ती जबाबदारी तुमच्यावरच टाकतो.

आजच अर्ज भरण्याचं पान बंद करा आणि ‘अर्जासाठी शाखेत या’ एवढं लिहा. सर्व्हरवर चढलेली कागदपत्रं उतरवून घ्या आणि तिथून काढा. व्याजदर, शाखांचे पत्ते, संचालक मंडळ ही पानं साधी करून ठेवली की माहिती चालू राहील. अर्जाची यंत्रणा मात्र पूर्ण नव्याने, ज्याला हे काम येतं अशा माणसाकडून करून घ्या. जुन्या प्रोग्रॅमवर ठिगळं लावत बसू नका.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी साइट नवी केली. दिसते सुंदर. पण गूगलवरून येणारे वाचक जवळपास थांबले. मी पाककृती लिहिते.

तुमच्या जुन्या पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावर ‘पान सापडत नाही’ येतं, असं मला वाटतं. लोकांनी दहा वर्षांत तुमच्या अनारशांची लिंक एकमेकींना पाठवली, कुणी वहीत लिहून ठेवली. ते सगळे आता बंद दारावर येत आहेत.

जुन्या पत्त्यांची यादी मिळवा. सर्व्हरच्या नोंदींत, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये किंवा इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ती बरीचशी सापडेल. प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे त्याच पाककृतीचा नवा पत्ता लिहा आणि साइट करणाऱ्याला ३०१ क्रमांकाचं कायमचं पुनर्निर्देशन (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं) लावायला सांगा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवणं ही पळवाट आहे, ती घेऊ देऊ नका. अनारसे शोधणारीला अनारसेच मिळाले पाहिजेत. सहा महिने गेले तरी उशीर झालेला नाही.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, पुण्यात शिक्षक आहे. आमच्या संस्थेची साइट नवी होते आहे. कंत्राटात कुठल्या गोष्टी घालून घ्याव्यात?

तुम्ही आधीच विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक ठिकाणी हे साइट झाल्यावर आठवतं.

कंत्राटात स्पष्ट लिहा : डब्ल्यूसीएजी २.२, स्तर एए. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचं हे मानक ऑक्टोबर २०२३ चं आहे. त्याखाली मराठीत चार-पाच गोष्टी उलगडून लिहा, म्हणजे वाद होणार नाहीत. पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीची खूण) अशी जाहीर केलेली असावी. ती नसली तर वाचनयंत्र मराठी मजकूर इंग्रजी किंवा हिंदी आवाजात वाचायला लागतं. याच खुणेमुळे, फॉन्टात सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे दिसतात. मथळे खरे मथळे असावेत, नुसती मोठी ठळक अक्षरं नसावीत, कारण तुम्ही मथळ्यांवरून उड्या मारत वाचता. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला शब्दांत वर्णन असावं. माउसशिवाय, फक्त कीबोर्डवर, सगळं करता यावं. कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ एवढा फरक असावा. आणि परिपत्रकं स्कॅन करून चढवायची नाहीत, हे तर कार्यालयालाही सांगून ठेवा.

कुणी ‘ही जादाची मागणी आहे’ म्हणालं तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दाखवा. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

शेवटचा हप्ता देण्याआधीची चाचणी तुमच्याच हाती घ्या. एनव्हीडीए हे वाचनयंत्र घेऊन संगणकावर बसा, नंतर अँड्रॉइड फोनवरचं टॉकबॅक लावून पाहा : वेळापत्रक शोधा, रजेचा अर्ज भरा, निकालाची यादी वाचा. जिथे अडाल ती जागा लिहून द्या.