वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ तबकडी आणि चांगले गाणे

प्रश्न : ऑरेंज ज्यूस या स्कॉटिश बँडचे ‘रिप इट अप’ हे गाणे आवडल्यामुळे मी १९८०च्या दशकातील स्कॉटिश इंडी पॉपच्या जुन्या सिंगल्स (एकेका गाण्याच्या छोट्या तबकड्या) ऐकू लागलो. ‘दुर्लक्षित रत्न’ म्हणून वाखाणलेली यांतील बरीच गाणी मला कच्ची वाटली. ती खरोखर चांगली आहेत, की केवळ दुर्मीळ असल्यामुळे त्यांचे कौतुक होते?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तबकडी दुर्मीळ असणे आणि गाणे चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी असून संग्राहक मंडळी त्यांची सर्रास गल्लत करतात. चार सूर धड जुळण्याआधीच स्टुडिओत शिरलेले बँड तेव्हाही कमी नव्हते. काही सिंगल्स मात्र गाण्यातील उणिवेमुळे नव्हे, तर वितरणाच्या अडचणींमुळे मागे पडल्या. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८०मध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी क्रमवारी सुरू झाली, तेव्हा ‘इंडी’ या शब्दातून गाण्याची शैली कळत नसे. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून आली आहे, एवढेच कळे. ग्लासगोत किंवा एडिनबरात चार पैसे जमवून तबकडी काढता येई, परंतु ती देशभरच्या दुकानांत पोहोचवायची तर लंडनच्या रफ ट्रेडसारख्या वितरकाचे दार ठोठवावे लागे. रात्री बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी ती रेडिओवर लावली तर नशीब. दिवसाच्या कार्यक्रमांत तिला क्वचितच जागा मिळे.

‘रिप इट अप’ १९८३मध्ये ब्रिटिश क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले, तोवर ऑरेंज ज्यूस पॉलिडोर या मोठ्या कंपनीकडे गेले होते. आपण तीन वर्षे मागे जावे आणि ‘फॉलिंग अँड लाफिंग’ ऐकावे. अॅलन हॉर्न यांनी ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरील फ्लॅटमधून चालवलेल्या पोस्टकार्ड या लेबलची, म्हणजे छोट्या तबकडी-कंपनीची, ही पहिली सिंगल. ढोल वाजवणारे मांजर हे त्या लेबलचे बोधचिन्ह, आणि हजाराच्याही आत प्रती. ऐकताना लक्ष बास गिटारकडे ठेवावे. वर गिटार घाईघाईने खणखणत असते आणि खाली बास थेट डिस्कोच्या चालीने एका सप्तकातून दुसऱ्यात उड्या मारत असतो. शीक या अमेरिकी बँडचा डिस्को आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या रॉक बँडच्या गिटारी यांचे ज्यांना सारखेच वेड होते, अशा पोरांनी ही सांगड घातली आहे. गायक एडविन कॉलिन्स यांचा आवाज मधूनच घसरतो, हे खरे. पण प्रेमात तोंडावर आपटलेला आणि वर स्वतःलाच हसणारा माणूस घोटीव आवाजात गायला असता, तर त्याच्यावर विश्वास कोणी ठेवला असता? आपल्याला जाणवलेला कच्चेपणा येथे गाण्याच्या कामी आला आहे. तो जेथे नुसताच कच्चेपणा असतो, तेथे आपण निःशंकपणे पुढच्या गाण्याकडे वळावे.

याच्या अगदी उलट घडण स्ट्रॉबेरी स्विचब्लेड या ग्लासगोच्या दोघीजणींच्या ‘ट्रीज अँड फ्लॉवर्स’ या १९८३च्या सिंगलची आहे. ‘सिन्स यस्टरडे’ हे त्यांचे गाजलेले गाणे १९८५मध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याच्या झगमगाटात हे आधीचे गाणे झाकले गेले. माझ्या मते मात्र हेच सरस आहे. ओबो या सुषिर वाद्याचे सूर आणि संथ लय यांमुळे प्रथम ते निसर्गगीत वाटते. शब्दांकडे कान दिला की कळते, गाणारीला झाडे आणि फुले नकोशी झाली आहेत, कारण तिला घराबाहेर पडण्याचीच भीती वाटते. जिल ब्रायसन यांनी ते स्वतःच्या अगोराफोबियावरून लिहिले होते. चाल इतकी गोड आणि आशय इतका कोंडलेला, असे पॉपमध्ये फार थोड्यांना साधले आहे.

एप्रिल शॉवर्स या ग्लासगोच्याच जोडीने १९८४मध्ये ‘अबँडन शिप’ ही एकच सिंगल काढली. ती मात्र क्रिसॅलिससारख्या नावाजलेल्या कंपनीने काढली होती आणि निर्मिती अॅन डडली यांची होती, तरीही ती मागे पडली; म्हणजे वितरणाची सबबही दर वेळी पुरत नाही. एडिनबराच्या फायर एंजिन्सचे ‘कँडीस्किन’ (१९८१) हे ओरबाडणाऱ्या गिटारींवर तंतुवाद्यांचा मुलामा दिलेले गाणे असून त्याचा खट्याळपणा आजही शिळा झालेला नाही.

प्रश्न : सिंगलच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष देण्यात काही अर्थ आहे का? आणि त्यासाठी मूळ तबकडीच हवी का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. प्रायमल स्क्रीम या ग्लासगोच्या बँडच्या १९८६च्या ‘क्रिस्टल क्रेसंट’ची आठवण आज फारशी कोणी काढत नाही, तिच्या मागच्या बाजूचे ‘व्हेलॉसिटी गर्ल’ दीड मिनिटही चालत नाही, पण एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या ‘सी८६’ या कॅसेटची सुरुवात त्याच गाण्याने झाली आणि पुढे कित्येकांनी तो बाज गिरवला. मूळ तबकडीची मात्र गरज नाही. ऑरेंज ज्यूसची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे २००५मध्ये ‘द ग्लासगो स्कूल’ या संग्रहात एकत्र आली असून ‘फॉलिंग अँड लाफिंग’ही त्यातच मिळेल.