ओढ्यात मासे सोडू नका, खालून येणाऱ्यांची वाट मोकळी करा

दादा, तुम्ही विचारलंय की कॉलनीमागचा ओढा पुढे छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीला मिळतो, जेसीबी लावून गाळ काढून झाला, आता जुलैत रोहू-कटल्याची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडायचं चाललंय, आणि आजोबा सांगायचे तसे पहिल्या पुरात चढणीचे मासे परत येतील का. येऊ शकतात. पण बोटुकली सोडून नाही येणार.

रोहू-कटला मोठ्या पाण्याचा मासा. तुमचा ओढा हिवाळ्यापर्यंत डबक्यांवर येतो, म्हणजे सोडलेली बोटुकली एकतर पुरात वाहून जाणार नाहीतर मार्चमध्ये तडफडून मरणार. डासांसाठी म्हणून कुणी गप्पी आणून टाकत असेल तर तेही थांबवा, ते बाकीच्यांची पिल्लं खातात. थाई मांगूर तर चुकूनही नको, त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे तरी लोक आणायलेत.

खाम खाली नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला मिळते, हे तुमचं भाग्य समजा. धरणाच्या फुगवट्यात खवली, मरळ, वाम, शिवडा सगळे आहेत, बाहेरून काही आणायची गरजच नाही. पहिला गढूळ लोंढा आला की त्याचा वास आणि गारवा लागून मासे उलटे वर चढतात, कारण काठावरच्या बुडालेल्या गवतात अंडी घातली तर पिल्लांना किडेमकोडे भरपूर आणि खाणारे मोठे मासे कमी. मग पाणी उतरायला लागलं की मोठे खाली जातात, पिल्लं मागून हळूहळू. हे सगळं काही आठवड्यांत होतं, त्या काळात वाट बंद असली तर ते वर्ष गेलं.

म्हणून आधी उन्हाळ्यात चालत जा, फुगवट्यापासून वर, कॉलनीपासून खाली नाही. खालचा एक अडथळा राहिला तर वरचं सगळं काम फुकट. प्रत्येक भिंत, रस्त्याखालची मोरी, नळकांडी पूल मोजा. आपले बरेचसे मासे उड्या मारणारे नाहीत, अर्ध्या फुटाची पायरी कशीबशी पार होईल पण दोन फुटांची उभी भिंत म्हणजे संपलं. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात काढलेली असतात, दारं खरंच निघाली तर तिथनं मासा जातो. सिमेंट नाला बांध मात्र बारा महिने भिंतच. आणि मोरीकडे नीट बघा, वरून साधी दिसते, पण गुळगुळीत काँक्रीटवर पाण्याचा पातळ पडदा जोरात पळत असतो, माशाला ना पोहायला खोली ना दम घ्यायला आडोसा.

उपाय फार महाग नाही. भिंतीच्या खालच्या बाजूला दगडांचा उतार रचायचा, साधारण वीसास एक, म्हणजे दोन फुटांच्या पायरीला चाळीस फूट. मोठे धोंडे तळात अर्धे गाडायचे, मधेमधे डोकी वर ठेवायची म्हणजे त्यांच्यामागे संथ पाणी तयार होतं आणि मासा टप्प्याटप्प्यानं चढतो. मध्यभाग थोडा खोलगट ठेवा, पाणी कमी असलं तरी धार एका जागी राहते. पण हे पालिकेच्या इंजिनिअरला दाखवूनच करा, चुकीच्या जागी दगड टाकले तर पुराचं पाणी लोकांच्या घरात शिरेल.

आता पाण्याचं, आणि शहरात खरी मारामारी इथंच आहे. मत्स्यजीवनासाठीचा केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष आहे लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन. ड्रेनेजचं पाणी येत असेल तर तो टिकत नाही. त्यात पहिला पाऊस रस्त्यावरचं तेल, टायरची धूळ, गटारातला वर्षभराचा कुजलेला गाळ, सगळं एकदम ओढ्यात लोटतो, आणि मासा चढायची वेळ नेमकी तीच! अमेरिकेत सिएटल शहरात लाँगफेलो नावाचा ओढा आहे, लोकांनी मेहनतीनं सुधारला, समुद्रातून कोहो सॅल्मन परत यायला लागले आणि पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच मरायला लागले. कारण सापडायला २०२० उजाडलं, टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून तयार होणारं विष निघालं. पण तिथल्याच प्रयोगांत दिसलं की तेच रस्त्याचं पाणी वाळू-कंपोस्टच्या मातीतून झिरपवून दिलं तर मासे वाचतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, सुशोभीकरणाचा पैसा कारंजं आणि पेव्हर ब्लॉकवर घालू नका, रस्त्याचं पाणी थेट पाइपनं ओढ्यात सोडायच्या ऐवजी काठावर मातीचे खड्डे, गवत, पाणकणीस यांतून येऊ द्या. ड्रेनेजच्या लाइनी जोडणं तर त्याच्याही आधी.

जेसीबीवाल्यानं तळ टेबलासारखा सपाट केला असेल तर दोनचार ठिकाणी डोह परत करून घ्या, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, तिथं ते टिकतात. काठाला काँक्रीट नको, करंज, उंबर, जांभूळ लावा, सावलीनं पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. मशीनचं काम मेअखेर बंद म्हणजे बंद.

अजून एक, आणि हे मला मनापासून खुपतं. पहिल्या पुरात भिंतीपाशी अडलेले मासे लोक काठ्यांनी, गोणपाटांनी धरतात, पोट अंड्यांनी भरलेलं असतं. भांडून उपयोग नाही. फुगवट्याकडच्या भोई मंडळींना सोबत घ्या, मासा कुठून कधी चढतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि तेवढे पंधरा-वीस दिवस दगडी उतारावर कुणी जाळं लावायचं नाही हे त्यांनी सांगितलं तर लोक ऐकतात.

पहिल्या वर्षी बहुतेक बोटभर खवलीच दिसेल. ती खूप आहे. शिवड्यासारखा मोठा मासा यायला खालपासून सगळी वाट सुटावी लागेल.

आता तुमच्या ओढ्यावरच्या खालच्या दोन मोऱ्यांचे फोटो टाका, पायरीशेजारी फूटपट्टी किंवा काठी उभी धरून, म्हणजे उतार किती लांब लागेल ते सांगता येईल.