लॅपटॉपला वायफाय लागत नाही, मोबाईलला लागतं. फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातले दोन मोबाईल आणि टीव्ही वायफायवर व्यवस्थित चालतात, विंडोज ११ वाल्या लॅपटॉपला मात्र वायफाय ‘लागत नाही’. ड्रायव्हर (विंडोजला वायफाय कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) तीनदा टाकून झाला. आता दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारू, त्यानेही नाही सुधारलं तर मदरबोर्ड बघू.

फॉरमॅट मारू नका. मदरबोर्डचं तर इतक्यात नावही काढू देऊ नका.

मी नरिमन पॉइंटच्या एका ऑफिसात बावीस वर्षं आयटी सपोर्टला आहे. सकाळी मुलुंडहून धक्के खात येतो आणि जागेवर डबा ठेवायच्या आत कुणीतरी सांगायला हजर असतं, ‘वायफाय लागत नाहीये.’ माझा प्रश्न ठरलेला असतो: लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं? माणसं वैतागतात, पण सगळं त्या उत्तरावर आहे. वायफायचं चिन्हच गायब होणं, चिन्ह असून यादीत आपल्या राउटरचं नाव न दिसणं, नाव दिसून जोडलं न जाणं आणि जोडलं जाऊनही काही न उघडणं ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. तुमच्या दुकानदाराने हे विचारलेलं दिसत नाही, आणि तुमच्या प्रश्नातही ते नाही. म्हणून चारही सांगतो.

त्याआधी एकदा रीस्टार्ट करा. ‘रोज रात्री बंद करतोच की’ म्हणाल, पण ते चालत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुधा आधीपासून चालू असते. तिच्यामुळे शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत एका फाईलमध्ये बांधून ठेवतं आणि सकाळी तेच गाठोडं सोडतं. रात्री अडकलेला ड्रायव्हर सकाळी तसाच अडकलेला. रीस्टार्ट करताना हे गाठोडं बांधलं जात नाही. आमच्याकडच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात आणि मला उगाच तज्ज्ञ म्हणून मान मिळतो.

आता चिन्हच दिसत नसेल तर एरोप्लेन मोड बघा. कीबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं. जुन्या लॅपटॉपला कडेला सरकवायची खिटीही असायची. तसं काही नसेल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली वायफाय कार्डाचं नाव आहे का बघा. नावच नसेल किंवा त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. हा तोडगा मंतरलेल्या लिंबासारखा वाटेल, पण त्यामागे कारण आहे. कार्डाच्या आत त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालतो आणि लॅपटॉप बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहू शकते. आतला प्रोग्रॅम अडकलेला असेल, तर ती वीज पूर्ण तुटल्याशिवाय तो सुटत नाही.

ड्रायव्हर टाकायचाच तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचाच. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. नेट नसताना डाउनलोड कसं करायचं? अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वायफायवर असला तरी बहुतेक फोन तेच नेट केबलमधून लॅपटॉपला देतात. तोवर तुमचं कामही अडणार नाही.

दुसरं दुखणं, म्हणजे यादीत बाकी सगळ्यांची नावं दिसतात आणि आपलंच दिसत नाही, हे माझं खास लाडकं. बहिणीच्या मुलाने अमेरिकेतून स्वतःचा जुना लॅपटॉप तिला पाठवला. बहीण गिरगावात चाळीत राहते. घरात आधीच एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता, त्यामुळे भाऊजी म्हणाले, ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.’ लॅपटॉप उत्तम चालत होता. वायफायच्या यादीत खालच्या खानावळीचं नाव येई, वरच्या मजल्यावरच्या क्लासचं येई, समोरच्या चाळीतली चार नावं येत. आणि आमचा राउटर पोटमाळ्याच्या कडेला, लॅपटॉपपासून हातभर अंतरावर लटकलेला, त्याचं नाव नाही. ताईच्या फोनवर मात्र फुल्ल रेंज.

ड्रायव्हर बदलला. राउटरचं नाव बदलून पाहिलं. शेवटी, आता लपवून काय उपयोग, मीही फॉरमॅट मारला. अख्खा रविवार गेला, पण वायफाय लागलं. ताईने त्या आनंदात साबुदाण्याची खिचडी केली. मंगळवारी तिचा फोन: ‘अरे, परत गेलं बघ.’

पुढच्या खेपेला डोकं जरा जागेवर होतं. फोनमध्ये वायफाय ॲनलायझर जातीचं एक ॲप टाकलं आणि पाहिलं, तर आमचा राउटर १३ नंबरच्या चॅनलवर (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यातल्या एका कप्प्यात) बसला होता. गोम तिथेच होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरतात. अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. तिकडच्या नियमाला बांधलेलं कार्ड १२ आणि १३ वर कान देतच नाही. राउटर ‘ऑटो’वर होता, म्हणजे चालू होताना त्याला जो चॅनल मोकळा दिसेल तो तो पकडणार. चाळीत १, ६ आणि ११ वर खच्चून गर्दी, त्यामुळे स्वारी बहुतेक वेळा १३ वर. त्या रविवारी फॉरमॅट चालू असताना लाइट गेली होती. आली तेव्हा राउटरने योगायोगाने ६ पकडला. श्रेय फॉरमॅटने खाल्लं. मला वाटतं, फॉरमॅटची ख्याती अर्धीअधिक अशीच तयार झाली आहे: तेवढ्या वेळात दुसरंच काहीतरी बदलतं.

उपाय तीन मिनिटांचा. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर पत्ता असतोच), वायरलेसच्या सेटिंगमध्ये जा, चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हेच तीन अशासाठी की ते एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. तुमचा लॅपटॉप परदेशातून आलेला असेल तर आधी हेच करा.

नाव न दिसण्याचं दुसरं, जास्त नेहमीचं कारण म्हणजे लॅपटॉपचं कार्ड जुनं, फक्त २.४ वालं असणं. राउटरच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं ते ५ गिगाहर्ट्झ, त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही. अशा कार्डाला ते नाव कधीच दिसणार नाही. राउटरवर २.४ चं नेटवर्क बंद असेल तर चालू करा.

तिसऱ्या दुखण्यावर फार लिहीत नाही. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, तेव्हा ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्याने टाका. राउटर नवा आणि लॅपटॉप जुना असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर आहे का बघा. ती डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र करा.

चौथ्यात लॅपटॉप सांगतो ‘कनेक्टेड’, आणि उघडत काहीच नाही. इथे कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाका आणि आयपीव्ही४ पत्ता वाचा. सुरुवात १६९.२५४ ने असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने वाट बघून स्वतःच एक ठोकून दिला आहे. राउटर एकदा बंद करून चालू करा. पत्ता १९२.१६८ वाला असेल तर आधी राउटरला पिंग करा (तिथेच ping लिहून पुढे राउटरचा पत्ता), मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे असू शकते. पण तुमचे मोबाईल त्याच राउटरवर चालतात, त्यामुळे आधी लॅपटॉपवरच संशय घ्या: हाताने टाकलेला चुकीचा गेटवे (राउटरचा पत्ता) किंवा अर्धवट काढलेलं व्हीपीएन, अँटीव्हायरस. दोन्ही उत्तर देतात पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) किंवा प्रॉक्सी (नेट ज्या मधल्या सर्व्हरमार्फत जातं तो). ऑफिसचा लॅपटॉप घरी आणलेल्यांच्या बाबतीत ऑफिसची प्रॉक्सी तशीच राहिलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आधी तीच बघतो. घड्याळाची तारीखही बघा. ती चुकलेली असेल तर ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो.

सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ मात्र अगदी शेवटी. त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, काही वेळा व्हीपीएनही पुन्हा बसवावं लागतं.

आणि एक पाचवं दुखणं, जे लोक वायफाय ‘लागत नाही’ म्हणूनच सांगतात: राउटरशेजारी बसलं की चालतं, आतल्या खोलीत मेलेलं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचं एका पावसाळ्यात असं झालं, बॅटरी बदलून आणल्यापासून. दुकानदार म्हणाला, दमट हवेने कार्ड गेलं. घरी मागचं झाकण खोललं, सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली. वायफायचं कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं असतं. त्यावर दोन बारीक वायरी येतात, माझ्या लॅपटॉपमध्ये एक काळी, एक पांढरी. त्यांच्या टोकाला मोहरीहून थोडी मोठी सोनेरी टिकली असते. माझी काळी वायर सुटून बॅटरीच्या कडेखाली दबली होती. टिकली बरोबर खुंटीवर धरून नखाने सरळ खाली दाबायची. बसली की नखाला बारीक ‘टक्’ जाणवतं, तिरकी दाबली तर खुंटी मोडते. या वायरी बहुधा बिजागरीतून वर स्क्रीनच्या चौकटीत जातात, खरी अँटेना तिथे असते. म्हणून बिजागरी खिळखिळी झालेल्या लॅपटॉपची रेंज गेली की मी आधी तिच्याकडे बघतो. तुमचा लॅपटॉप दुकानदाराने एकदा उघडला असेल, तर हे जरूर तपासा.

राउटर विजेच्या मीटरच्या वर किंवा लोखंडी कपाटामागे असेल तर बाहेर काढा. वायर तिथे संपते म्हणून नेटवाला तिथेच टांगून जातो. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावरच वायफाय बंद पडत असेल तर ती लांबच्या पोर्टला लावा, तिच्यामुळे २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो.

एवढं करून चिन्ह परतलंच नाही, तर कार्ड गेलं असं धरा. तरीही मदरबोर्ड नको. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल. काही शे रुपयांत यूएसबीचा वायफाय डोंगल मिळतो, तो लावून वापरा. दोन पट्ट्यांचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मागा, थोडा महाग पडेल. आतलंच कार्ड बदलायचं असेल तर जुन्या कार्डाचा फोटो बरोबर न्या. इंटेलचं एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला जुळी भावंडं आहेत, पण २०१ फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतं. २१० आणि २११ चंही तसंच, त्यातलं २११ हे २०१ सारखं ठरावीक इंटेल मशीनला बांधलेलं. दुकानदार ‘सब चलता है’ म्हणेल. तिथेच बसवून, वायफाय लागलेलं बघून मग पैसे द्या. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात.